पाण्याचे रंग आणि चित्रांची रोजनिशी

पुष्कळ सुशिक्षित घरांतून एक वस्तु हमखास सांपडते. कपाटाच्या तळाशीं, जुन्या प्रगतिपुस्तकांच्या आणि मोडक्या कंपासपेटीच्या सोबतीनें, पाण्याच्या रंगांची एक पेटी पडलेली असते. तिच्यांतील निळी व हिरवी वडी मध्यभागीं झिजलेली, पिवळीवर काळा डाग चढलेला, आणि पांढरी मात्र पार संपलेली. मुलें शाळेंत असतांना एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेसाठीं ती आणलेली असते. परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतें, आणि पेटी बंद होते ती कायमची. पुढें मुलगा वकील होतो, मुलगी डॉक्टर होते, आणि चित्र काढणें ही गोष्ट, ज्यांस तें येतें अशा थोड्या लोकांकडे सोंपवून, सर्व मंडळी मोकळी होतात.

ही सोडचिठ्ठी अकारण आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे. गाणें न येणारा मनुष्य स्नान करतांना गुणगुणतो, आणि त्यास कोणी गवई होण्याचा आग्रह करीत नाहीं. लेखक नसलेला मनुष्य रोजनिशी लिहितो, आणि ती छापली पाहिजे असें त्यास वाटत नाहीं. मग चित्रकार नसलेल्या मनुष्यानें रंगांशीं खेळूं नये, असा नियम कोणीं केला? रोजनिशींत शब्दांच्या जोडीला रंगांस बसविलें कीं जी वही तयार होते, तिला चित्रांची रोजनिशी म्हणतां येईल. तिची गोडी कशांत आहे आणि ती ठेवावी कशी, हें एका गांवाच्या उदाहरणानें सांगणें सोपें जाईल.

रायगड जिल्ह्यांतील अष्टमी हें तें गांव. कुंडलिकेच्या एका कांठीं रोहें आणि दुसऱ्या कांठीं अष्टमी. दोहोंची नगरपरिषद एकच, आणि नांवहि रोहा-अष्टमी असें जोडीनें घेतलें जातें. सह्याद्रींत उगम पावलेली ही नदी कोलाडवरून येथें येते, आणि पुढें रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्यें समुद्रास मिळते. कोंकणांतील कितीतरी नद्या वैशाखांत आटून जातात. ही मात्र भिऱ्याच्या वीजगृहांतून सोडलेल्या पाण्यामुळें भर उन्हाळ्यांतहि वाहती राहते. भोंवतीं भाताचीं खाचरें, आणि जवळच अवचितगडाचा झाडीनें भरलेला डोंगर.

अशा गांवीं वर्षभर वही घेऊन बसणाऱ्या मनुष्यास रंगांचें एक संपूर्ण पंचांगच हातीं लागतें. राब भाजल्यावर खाचरांच्या कोपऱ्यांत काळे चौकोन पडतात. मृगाच्या सरी झाल्या कीं त्याच काळ्या चौकोनांत रोपांचा कोंवळा पोपटी रंग उमटतो. आषाढांत चिखलणी होऊन पाणी सांठलें म्हणजे शेतांत जमीन दिसतच नाहीं, आकाश दिसतें. भाद्रपदांत तीच शेतें गर्द हिरवीं होतात, आश्विनाच्या अखेरीस सोनेरी पिवळीं होतात, आणि कापणीनंतर धुरकट मातकट रंगावर येऊन थांबतात. आतां कोणास विचारावें कीं, शेताचा रंग कोणता? उत्तर येईल, हिरवा. नदीचा रंग कोणता? निळा. परंतु जो मनुष्य कुंडलिकेच्या कांठीं एकदां रंगांची पेटी उघडून बसला, त्यास निळें पाणी क्वचितच दिसतें. आषाढांत तें चहासारखें तांबूस असतें, झाडांच्या सांवलींत शेवाळी असतें, आणि माध्यान्हीं तर त्यास रंगच नसतो, केवळ तेज असतें. निळा रंग हा पुष्कळदां डोळ्यांनीं पाहिलेला नसून पाठ्यपुस्तकांतून पाठ केलेला असतो. हा पाठ केलेला रंग पुसून टाकणें, हेंच या छंदाचें पहिलें फळ होय.

आतां पाण्याचा रंग म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, हे त्याचे दोन मुख्य घटक. वडी अगदींच कोरडी पडूं नये म्हणून तींत ग्लिसरिन किंवा मध घालतात. ओला कुंचला वडीवरून फिरला कीं डिंक विरघळतो, रंगाचे कण पाण्यांत तरंगूं लागतात, आणि कागदावर गेल्यावर पाणी उडून जाऊन डिंक त्या कणांस कागदाच्या तंतूंस चिकटवितो. हा थर इतका पातळ असतो कीं प्रकाश त्यांतून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो, आणि पुन्हां रंगांतून गाळून डोळ्यांकडे येतो. जलरंगांतील चित्र जणूं आंतून उजळलेलें दिसतें, त्याचें कारण हें.

अष्टमीपासून फार दूर नसलेल्या पेण गांवीं गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम कसें चालतें, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस यांतील फरक लगेच कळेल. तेथें शाडूच्या मूर्तीला आधीं पांढरा हात देतात, त्यावर अंगाचा, मग वस्त्रांचा रंग चढवितात, आणि शेवटीं डोळ्यांची आखणी होते. तो रंग झांकणारा आहे. खालचें वर येऊं देत नाहीं, आणि चूक झाली तर दुसऱ्या हातानें ती लपविंतां येते. पाण्याचा पारदर्शक रंग कांहींच लपवीत नाहीं. पांढरें हवें असेल तेथें कागद कोरा सोडावा लागतो, आणि फिक्याकडून गडदाकडे जावें लागतें; गडदावरून फिक्याकडे परत येण्याची वाट जवळजवळ नाहींच. शाळेच्या पेटींतील पांढरी वडी सर्वांत आधीं संपते, ती ही गोष्ट कोणीं सांगितलेली नसते म्हणून.

हे रंग आज सहज मिळतात, परंतु अडीचशें वर्षांपूर्वीं चित्रकारास ते स्वतः घोटून तयार करावे लागत. इंग्लंडांत विल्यम रीव्ह्स यानें वडीच्या रूपांत तयार रंग विकण्यास आरंभ केला आणि १७८१ सालीं त्याबद्दल त्याचा सन्मान झाला. १८४० नंतर धातूच्या नळींतून ओले रंग मिळूं लागले. या सोयीमुळें चित्रकला घराबाहेर पडली आणि प्रवाशाच्या खिशांत जाऊन बसली. महाराष्ट्रांतहि तिचा एक जुना धागा आहे. पेशवाईच्या उत्तरकाळांत, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यास असतांना, गंगाराम तांबट नांवाच्या पुण्याच्या कारागिरानें प्रत्यक्ष पाहून चित्रें काढण्याचें काम केलें. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहांतील गेंडा त्यानें १७९० सालीं रेखाटला, आणि वेरूळच्या लेण्यांचींहि चित्रें काढलीं. त्याचीं कांहीं चित्रें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. डोळ्यांसमोर जें आहे तें जसेंच्या तसें टिपून ठेवावें, ही बुद्धि म्हणजेच चित्रांच्या रोजनिशीचें बीज.

पुढें याच पाण्याच्या रंगांत मराठी चित्रकारांनीं मोठा लौकिक मिळविला. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनीं आपल्या शहराच्या परिसराचीं निसर्गचित्रें रंगविलीं. ते १९३१ सालीं वारले. सावंतवाडीस जन्मलेले सां. ल. हळदणकर यांनीं १९४५-४६ च्या सुमारास हातांत दीप घेतलेल्या स्त्रीचें चित्र काढलें. त्यासाठीं त्यांची मुलगी दीप घेऊन उभी राहिली होती. तें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे, आणि पाहणारे पुष्कळदां तें रविवर्म्याचें तैलचित्र समजतात. वास्तविक तें पाण्याच्या रंगांतलें आहे. बोटांतून झिरपणारा तो प्रकाश कोऱ्या कागदाचा पांढरेपणा सांभाळीत सांभाळीत आणलेला आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या हाताचें मोल कळतें.

परंतु येथेंच सामान्य मनुष्य घाबरतो. हळदणकरांची वात कोठें आणि आपला ओघळलेला डाग कोठें, असें म्हणून तो कुंचला खालीं ठेवतो. हा विचार बरोबर नाहीं. हळदणकरांचें चित्र भिंतीसाठीं होतें. रोजनिशीचें पान भिंतीसाठीं नसतें. तें पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांसाठीं असतें. पत्रव्यवहार करण्यास महाकवि असावें लागत नाहीं, तद्वतच ही वही ठेवण्यास चित्रकार असावें लागत नाहीं.

साहित्य फारसें लागत नाहीं. सहा रंग पुरतात: दोन निळे, दोन पिवळे, एक तांबडा, एक बर्न्ट सिएनासारखा विटकरी. ज्या दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईंत शाईचा धंदा सुरू केला, त्यांच्याच कॅम्लिनचे रंग पुढें घरोघरीं पोंचले; असे साधे रंग आरंभास चांगले. एक टोंकदार जाड कुंचला, एक बारीक, पाण्याचे दोन पेले आणि एक जुनें सुती फडकें. पैसे खर्च करायचे असतील तर ते रंगांवर न करतां कागदावर करावे. साधी वही पाणी लागतांच चुरमडते, आणि बिचारा शिकाऊ त्याचा दोष स्वतःकडे घेतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी निमूटपणें सोसतो.

मग चित्र काढण्याची घाई न करतां आधीं प्रयोग करावे. पहिला प्रयोग एका रंगाचा. निळ्याचा गडद ठिपका देऊन त्यांत पाणी वाढवीत वाढवीत सात पायऱ्या कराव्या. शेवटची पायरी इतकी फिकी कीं आहे कीं नाहीं असें वाटावें. अवचितगडाच्या मागें एकामागें एक फिके होत गेलेले डोंगर ज्यानें पाहिले, त्यास या सात पायऱ्यांत आपला सह्याद्रि दिसूं लागतो.

दुसरा प्रयोग ओल्यावर ओल्याचा. कागद स्वच्छ पाण्यानें भिजवून त्यावर रंगाचा थेंब सोडावा आणि हात मागें घ्यावा. रंग आपोआप फांकत जातो. पुढें तो अर्धवट वाळत आला असतां त्यावर पाण्याचा आणखी एक थेंब टाकावा. फुलकोबीच्या कडेसारखी एक कातरलेली नक्षी उमटेल. नवें पाणी पसरतांना अर्धवट स्थिरावलेल्या कणांस पुढें ढकलीत नेतें आणि कडेला सोडून देतें, म्हणून ही नक्षी होते. परीक्षेच्या कागदावर तिला डाग म्हणतात व गुण कापतात. प्रयोगाच्या वहींत तिच्याखालीं तारीख लिहितात, आणि पुढल्या वेळीं नदीपलीकडची झाडी दाखवितांना तोच डाग मुद्दाम पाडतात.

तिसरा प्रयोग मिठाचा. रंग ओलसर असतांना जाड्या मिठाचे चार खडे त्यावर ठेवावे. मीठ भोंवतालचें पाणी ओढून घेतें, आणि प्रत्येक खड्याभोंवतीं एक फिकी चांदणी तयार होते. पावसाळ्यांत कोंकणची हवा इतकी दमट असते कीं तोच प्रयोग मार्गशीर्षांत एक फळ देतो आणि श्रावणांत दुसरें. रंग वाळण्यास लागणाऱ्या वेळावर सारा खेळ अवलंबून आहे. चौथा प्रयोग मिश्रणाचा. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना निरनिराळ्या प्रमाणांत मिसळावे. हे दोन रंग एकमेकांस मारतात आणि त्यांतून करडे रंग निघतात. निळा अधिक पडला तर पावसाचा ढग, विटकरी अधिक पडला तर भिजलेलें कौल. काळ्या वडीनें केलेला ढग या ढगापुढें मेलेला वाटतो.

पांचवा प्रयोग स्वयंपाकघरांतला, आणि तो मुलांस फार आवडतो. हळद, गेरू आणि काजळ हीं डिंकाच्या पाण्यांत कालवून कागदावर तीन पट्टे ओढावे. अर्धा कागद पुठ्ठ्यानें झांकून उन्हाच्या खिडकींत ठेवावा. कांहीं आठवड्यांनीं पुठ्ठा काढला म्हणजे हळद फिकी पडलेली दिसते, गेरू आणि काजळ मात्र होतीं तशींच राहतात. लेण्यांच्या भिंतींवर मातीचे रंग शतकानुशतकें कसे टिकले, याचें उत्तर मुलास पुस्तकाशिवाय मिळतें.

या प्रयोगांत खरी गंमत कोठें आहे? पाण्याचा रंग पूर्णपणें मनुष्याच्या ताब्यांत येत नाहीं, आणि पूर्णपणें सुटतहि नाहीं. कुंचला निम्में काम करतो, निम्में पाणी करतें. कचेरींत, घरांत, बाजारांत ज्याचा सारा दिवस हिशोबानें चालतो, त्यास अर्धा तास असा सोबती मिळतो कीं ज्याच्या मनांत काय आहे तें आधीं कळत नाहीं, पण जो अकारण कांहीं करीत नाहीं. आश्चर्य आणि त्याचें कारण, दोन्ही एकाच पानावर सांपडतात.

आतां प्रयोगांकडून रोजनिशीकडे यावें. पानावर तारीख, ठिकाण, वेळ आणि हवा लिहावी. चित्र पत्त्याच्या पानाएवढें लहान असावें. शेजारीं त्या क्षणीं दिसलेल्या तीन-चार रंगांच्या पट्ट्या ओढाव्या, आणि खालीं दोन ओळी: पाणी चढलें आहे कीं उतरलें, पलीकडच्या कांठीं कोण कपडे धुवीत होतें, वारा कोणत्या बाजूचा. वीस मिनिटांहून अधिक वेळ घालवूं नये. पान कधींहि फाडूं नये; फसलेलें पान हेंच पुढच्या पानाचें शिक्षक असतें. विषय थोर पाहिजे असें नाहीं. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें १५०३ सालीं गवताचा एक ओबडधोबड तुकडा पाण्याच्या रंगांत रंगविला. तो व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहांत अजून पाहतां येतो. खाचराच्या बांधावर तसले हजार तुकडे आहेत.

शब्द आणि रंग एका पानावर कां, अशी शंका कोणी घेईल. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत फिरले, आणि त्यांनीं पुष्कळ वर्षांनीं आठवून लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. प्रसंग, माणसें आणि बोलणीं शब्दांनीं किती जिवंत राहतात, याची ती उत्तम साक्ष आहे. तथापि एखाद्या सायंकाळचा उजेड नेमका कसा होता, हें सांगतांना शब्दांस धाप लागते. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वा १८३२ सालीं मोरोक्कोस गेला, तेव्हां त्यानें आपल्या वह्यांत रेखाटन, पाण्याचा रंग आणि लिहिलेली टीप हीं तिन्ही एका पानावर नांदविलीं. इंग्रज चित्रकार टर्नर यानें मागें ठेवलेल्या वह्या सुमारें तीनशें भरल्या. त्या वह्या प्रदर्शनासाठीं नव्हत्या. परंतु त्यांच्यावांचून त्याचीं मोठीं चित्रें झालीं नसतीं.

यावर आजचा मनुष्य म्हणेल, खिशांतल्या फोननें क्षणांत छायाचित्र निघतें, मग हा खटाटोप कशाला? छायाचित्र अवश्य घ्यावें. पण छायाचित्र घेतांना नदीकडे किती वेळ पाहिलें जातें, याचा विचार करावा. चित्र काढतांना वीस मिनिटें पाहावें लागतें. पुलाला कमानी किती, वडाची सांवली कोणत्या बाजूस, कौलांवर शेवाळ कोठवर चढलें आहे, हें त्या वीस मिनिटांत कळतें आणि पुढें विसरलें जात नाहीं. फोनमध्यें हजारों चित्रें सांठतात आणि त्यांतील बहुतेक पुन्हां उघडलीं जात नाहींत. वहीचीं साठ पानें मात्र घरांत हातोहात फिरतात.

शिवाय गांवें बदलत आहेत. १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेचा आरंभच रोह्यापासून होतो. शेजारीं धाटावची औद्योगिक वसाहत उभी आहे. कौलारू घरांच्या जागीं स्लॅबचीं घरें येत आहेत. हें सारें वाईट आहे असें नाहीं. लोकांस रोजगार पाहिजे, आणि गळकें कौल दुरून पाहणारासच सुंदर दिसतें. परंतु आजोळच्या घराची पडवी कशी होती, विहिरीचा रहाट कोणत्या रंगाचा होता, हें दहा वर्षांनीं सांगणारें कोणी घरांत उरलें नाहीं, म्हणजे झालेली हानि कोणत्याहि बाजारांत भरून निघत नाहीं. सरकारी दप्तरांत जमिनीचें क्षेत्र राहतें, पडवीवरचें ऊन राहत नाहीं. तें ठेवण्याचें काम घरच्या माणसाचें आहे, आणि तें वाईट चित्रानेंहि होतें.

याहून मोठी हानि मनाची. सात-आठ वर्षांचें मूल बेधडक चित्र काढतें. बारा वर्षांचें मूल शेजारच्या चित्राची नक्कल करतें, आणि पंधरा वर्षांचें मूल "मला येत नाहीं" असें म्हणून हात आंखडतें. या सात वर्षांत त्याचा हात बिघडलेला नसतो. त्यास भीति शिकविलेली असते. आई किंवा आजोबा स्वतः वही घेऊन बसले, त्यांचाहि रंग ओघळला, आणि तें पाहून ते हंसले, तर ही भीति कोणत्याहि उपदेशाशिवाय उतरते. ज्या गृहिणीच्या दिवसांत स्वतःचा म्हणून अर्धा तास नसतो, आणि ज्या निवृत्त गृहस्थाच्या दिवसांत अर्ध्या तासांखेरीज दुसरें कांहीं नसतें, त्या दोघांसहि ही वही सारखीच उपयोगी पडते.

शेवटीं वही सांभाळण्याविषयीं दोन शब्द. कोंकणांत पावसाळ्यांत कागदावर बुरशी चढते. पान पूर्ण वाळल्यावांचून वही मिटूं नये; आषाढ-श्रावणांत ती बंद कपाटांत न ठेवतां उघड्या फडताळावर उभी ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशीं पानें वाऱ्यावर मोकळीं करावीं; परंतु उन्हांत ठेवूं नये, नाहींतर रंग उडतील. वहीच्या पहिल्या पानावर रंगांच्या पट्ट्या काढून त्यांखालीं रंगांचीं नांवें लिहावीं, म्हणजे पुढें कोणता रंग टिकला आणि कोणता फसवा निघाला, तें कळतें.

आरंभ कोठून करावा, असा प्रश्न ज्यांस पडेल, त्यांनीं येत्या रविवारीं सकाळीं आपल्या खिडकींतून जो आकाशाचा तुकडा दिसतो, त्याचा एकच पट्टा काढावा आणि त्याखालीं तारीख व वेळ लिहावी. दुसऱ्या रविवारीं त्याच वेळीं, त्याच खिडकींतून, त्याच्या शेजारीं दुसरा पट्टा काढावा. वर्षाच्या शेवटीं बावन्न पट्टे होतील, आणि त्यांतील कोणतेहि दोन सारखे नसतील.